पाहिलेले सांगताना : स्पॅनिश वाक्यांच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

आज अंबाजोगाईतल्या आमच्या घराच्या ओसरीवर प्रकल्पाची पहिली बैठक झाली. माझी भाची पुण्यात स्पॅनिशच्या पहिल्या दोन पातळ्या पूर्ण करून सुट्टीवर आली आहे. तोंडी परीक्षेत तिला ‘अलीकडे पाहिलेल्या एखाद्या गोष्टीविषयी दोन मिनिटे बोला’ असा प्रश्न आला होता. शब्द सगळे येत असूनही तिला चार वाक्यांपुढे जाता आले नाही, आणि हे तिने मला सांगितले तेव्हाच या कामाचा विचार मनात आला. आपण दिवसभर एकमेकांना पाहिलेलेच सांगत असतो: मालिकेत काल काय झाले, सामना कसा रंगला, यात्रेत काय बघितले, धरणावर किती गर्दी होती. परक्या भाषेत एवढे सांगता येत नसेल, तर बाकीचे व्याकरण पाठ करून फारसे काही साधत नाही, असे मला मराठीचा शिक्षक म्हणून मनापासून वाटते.

मंडळी सहा जमली. भाची, तिचे दोन महाविद्यालयीन मित्र, शेजारचे निवृत्त तलाठी काका, मी आणि माझी आई. आईने आपण शिकायला बसलो नसल्याचे आधीच सांगून टाकले आहे. ती शेंगा फोडत ऐकणार आहे. दर शनिवारी बसायचे आणि मध्ये काही सुचले तर त्याच दिवशी नोंद करायची, असे ठरले. एक नियम सर्वांनी मान्य केला. जे सांगायचे ते आधी घरात बोलतो तशा मराठीत वहीत लिहायचे, त्याच्याखाली स्पॅनिश वाक्य लिहायचे, आणि मध्ये इंग्रजी आणायची नाही. या नियमाचे कारण पुढच्या बैठकीत सविस्तर बघू.

उद्या आषाढी असल्यामुळे बैठक लवकर आटोपली.

१२ जुलै, शनिवार

भाचीने पुण्याच्या शिकवणीपूर्वी पैसे भरून एक ऑनलाइन वर्ग केला होता. त्यात ‘गुस्तार’, म्हणजे आवडणे, हे क्रियापद उलटे असून ते डोक्यावर उभे राहून शिकावे लागते, असे सांगितले गेले आणि तीन आठवडे त्यातच गेले. तो वर्ग इंग्रजीतून होता, आणि इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो; त्यामुळे स्पॅनिशची रचना त्या शिक्षकांना उलटी वाटणे स्वाभाविक होते. आमच्या बाबतीत मात्र तो उलटेपणा मुळात नाहीच. आपण ‘मी नाटक आवडलो’ असे कधी म्हणत नाही. ‘मला नाटक आवडले’ असेच म्हणतो, आणि स्पॅनिश माणूसही ‘मे गुस्तोऽ ला ओब्रा’ असेच म्हणतो. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्तोऽ’ म्हणजे आवडले, ‘ला ओब्रा’ म्हणजे ते नाटक.

हे साम्य वरवरचे नाही, याची खात्री व्हावी म्हणून आम्ही अनेकवचन करून पाहिले. ‘मला गाणे आवडले’ याचे ‘मला गाणी आवडली’ होते, कारण क्रियापद गाण्यांच्या मागे जाते, ‘मला’ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तोऽ ला कान्स्योन’ याचे ‘मे गुस्तारोन लास कान्स्योनेस’ होते. तिथेही ‘मे’ तसाच राहतो आणि क्रियापद गाण्यांच्या वचनाप्रमाणे बदलते. फरक एवढाच, की आपले क्रियापद लिंगही दाखवते आणि त्यांचे फक्त वचन दाखवते, म्हणजे त्यांचे काम आपल्यापेक्षा थोडे सोपेच आहे. तलाठी काकांनी हे ऐकून सात-बारा तपासावा तशी दोन्ही वाक्ये बोट ठेवून शब्दाशब्दाने जुळवून पाहिली आणि मग मान डोलावली.

त्यानंतर होकार-नकार आले. एखाद्याला आवडले आणि आपल्यालाही आवडले, तर ‘आ मी ताम्ब्येन’ म्हणजे ‘मलाही’. त्याला आवडले आणि आपल्याला नाही, तर ‘आ मी नो’, म्हणजे ‘मला नाही’. त्याला आवडले नाही आणि आपल्यालाही नाही, तर ‘आ मी ताम्पोको’. या शेवटच्या प्रसंगी मराठीत आपण ‘मलाही नाही’ असे दोन शब्द वापरतो, तर स्पॅनिशमध्ये ‘ताम्पोको’ या एकाच शब्दात ‘ही’ आणि ‘नाही’ दोन्ही सामावले आहेत. मुलांनी आळीपाळीने पाच-सहा गोष्टींची नावे घेऊन हे तिन्ही घोटले.

मान राखण्याचा मुद्दा काकांनी काढला. भाची मित्राला ‘ते गुस्तोऽ?’ म्हणजे ‘तुला आवडला का?’ असे विचारील. काकांना मात्र ‘ले गुस्तोऽ?’ असे विचारावे लागेल, कारण ‘उस्तेद’ या आदरार्थी सर्वनामाबरोबर क्रियापद आणि सर्वनाम तृतीय पुरुषी येतात. तुला आणि तुम्हाला यांतला फरक जन्मापासून पाळणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

१५ जुलै, मंगळवार

मधल्या दिवसाची ही नोंद लिपीविषयी आहे. वहीत स्पॅनिश वाक्ये देवनागरीत लिहायची म्हटल्यावर उच्चारांचे निर्णय घ्यावे लागले. स्पॅनिशचा त आणि द आपल्या त-द सारखाच दंत्य आहे, ट-ड सारखा नाही. इंग्रजी माध्यमातल्या एका मित्राच्या तोंडी ‘टेले’ बसले होते, ते ‘तेले’ म्हणजे टीव्ही, असे सुधारले. प, त, क यांच्यात हवा सोडायची नसते, आणि आपण ती सोडतही नाही. स्पॅनिशमधला जो ख आहे तो आपल्या ‘खडू’मधला नसून उर्दू बोलणारे ‘खबर’ म्हणतात त्यातला, घशात घासणारा आहे; मराठवाड्यात हा उच्चार बाजारात रोज कानी पडत असल्यामुळे आमच्या मंडळींना तो लगेच जमला. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, हा एका र चा आणि दोन र चा भेदही अवघड गेला नाही.

अडचण आघाताची आहे. मराठीत अक्षरावरचा जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये ‘गुस्तो’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर आवड किंवा आनंद असा अर्थ होतो, आणि शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर ‘आवडले’. पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलताना भूतकाळी रूपे पदोपदी येतात आणि त्यांतल्या पुष्कळ रूपांचा जोर शेवटी असतो, म्हणून स्वरान्त शब्दाच्या शेवटी आघात येत असेल तिथे अवग्रह लिहायचा, असे आम्ही ठरवले. गुस्तोऽ (आवडले), गानोऽ (जिंकला), मेत्योऽ (घातला). संस्कृतच्या तासात सोडून दिलेल्या या चिन्हाला इथे उपयोगाचे काम मिळाले, याचे मला समाधान वाटले.

‘मी पाहिले’ हे स्पॅनिशमध्ये एका अक्षरात मावते: ‘बी’. त्यांच्याकडे व आणि ब यांचा उच्चार एकच असल्यामुळे ते असे ऐकू येते. आमच्याकडे ‘मी बी गेलो होतो’ म्हणतात तोच हा ‘बी’. त्यामुळे हा शब्द कुणी विसरणार नाही.

१९ जुलै, शनिवार

आजची बैठक या प्रकल्पातली मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

भाचीने दोन वाक्ये फळ्यावर लिहिली. ‘बी ला पेलीकुला’, म्हणजे ‘मी चित्रपट पाहिला’; आणि ‘बी आ तू एर्मानो’, म्हणजे ‘मी तुझ्या भावाला पाहिले’. दुसऱ्या वाक्यात मध्येच आलेला ‘आ’ तिला शिकवणीत नियम म्हणून पाठ करावा लागला होता: कर्म विशिष्ट माणूस असेल तर त्याच्याआधी ‘आ’ लावायचा, वस्तू असेल तर नाही. तिने तो पाठ केला होता, पण बोलताना दर वेळी सुटत होता.

मी तिला मराठी वाक्ये मोठ्याने वाचायला सांगितली. ‘चित्रपट पाहिला’, पण ‘भावाला पाहिले’. ‘चित्रपटाला पाहिले’ असे आपण म्हणत नाही, आणि ‘भाऊ पाहिला’ असे म्हटले तर लग्नासाठी स्थळ बघून आल्यासारखे वाटते. म्हणजे माणसाला वेगळे चिन्ह लावण्याची हीच सवय आपल्याही भाषेत आहे आणि ते चिन्ह आहे ‘ला’. आता तिसरे वाक्य घेऊ: ‘आ मी आब्वेला ले गुस्तोऽ’, म्हणजे ‘माझ्या आजीला आवडले’. इथेही ‘आ’ आहे आणि आपल्याकडे इथेही ‘ला’ आहे. शाळेत ‘स, ला, ते’ असे घोकताना द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींना एकच प्रत्यय का, असा प्रश्न आम्हा मुलांना पडत असे. नेमकी तीच जोडी, म्हणजे पाहिलेला माणूस आणि ज्याला आवडले तो माणूस, स्पॅनिश एकाच ‘आ’ने सांभाळते. आपला ‘ला’ शब्दाच्या मागे बसतो, त्यांचा ‘आ’ पुढे चालतो. काम बरेचसे तेच आहे. हे दिसल्यापासून भाचीचा ‘आ’ या बैठकीत एकदाही सुटला नाही.

तिसऱ्या वाक्यातला ‘ले’ मात्र सगळ्यांचाच सुटतो. मराठीत ‘आजीला’ म्हटल्यावर काम संपते. स्पॅनिशमध्ये ‘आजीला, तिला आवडले’ असे दुहेरी सांगावे लागते. हा ‘ले’ लाल शाईने लिहायचा असे ठरले.

मराठी आपल्याला फसवते ती जागाही आजच सापडली. ‘मी सामना पाहिला, मी मालिका पाहिली, मी नाटक पाहिले’ असे आपले क्रियापद कर्माप्रमाणे तीनदा वेष बदलते. एका मित्राने त्याच सवयीने ‘बी’ची वेगवेगळी रूपे शोधायला सुरुवात केली. पण ‘बी’ हे ‘मी’शी बांधलेले आहे, एक सामना असो की दहा मालिका, ते बदलत नाही. पाहिले तर क्रियापद माझ्या मागे, आवडले तर गोष्टीच्या मागे, ही दोन पाने वहीत समोरासमोर लिहिली आहेत.

२६ जुलै, शनिवार

आई रोज संध्याकाळी जी मालिका बघते, तिचा कालचा भाग तिने आम्हाला सांगितला आणि आम्ही तो स्पॅनिशमध्ये न्यायचा प्रयत्न केला. आईच्या सांगण्यात घटनांपेक्षा भावना जास्त होत्या: मला हसू आलं, मला भ्या वाटलं, मला झोप यायली होती. यांतले प्रत्येक वाक्य ‘मला’ने सुरू होते, आणि स्पॅनिशमध्येही त्या ठिकाणी ‘मे द्यो’ येते, शब्दशः ‘मला दिले’. मे द्यो रीसा, मला हसू आले. मे द्यो म्येदो, मला भीती वाटली. मे द्यो स्वेन्यो, मला झोप आली. आपल्याकडे भावना येते किंवा वाटते. त्यांच्याकडे समोरची गोष्ट ती आपल्याला देते. ‘मला रडावंसं वाटलं’ याला ‘मे द्येरोन गानास दे योरार’ म्हणतात, आणि इथे ‘गानास’, म्हणजे इच्छा, अनेकवचनी असल्यामुळे ‘द्यो’चे ‘द्येरोन’ होते.

‘मला वाईट वाटले’ याला एक शब्द जपून वापरावा लागतो. ‘मे द्यो पेना’ स्पेनमध्ये वाईट वाटले, कीव आली या अर्थी चालते. मेक्सिको, कोलंबिया आणि मध्य अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ बहुधा मला संकोच वाटला, लाज वाटली असा घेतला जातो. म्हणून वहीत आम्ही ‘मे द्यो लास्तिमा’ घेतले आहे.

मत सांगताना ‘मे पारेस्योऽ लार्गा’, म्हणजे मला लांबलेली वाटली. आणि पूर्ण वाक्य जोडायचे असेल तर ‘मे पारेसे के’, म्हणजे ‘मला वाटते की’. त्यांचा ‘के’ आणि आपला ‘की’ एकाच जागी बसतात आणि कानालाही जवळचे वाटतात. काकांना ही गोष्ट इतकी आवडली, की त्यांनी नंतरचा अर्धा तास प्रत्येक मत ‘मे पारेसे के’ म्हणूनच सुरू केले.

कंटाळ्याच्या दोन अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘एस आबुर्रीदा’ म्हणजे ती मालिका कंटाळवाणी आहे. ‘एस्ताऽ आबुर्रीदा’ म्हणजे ती बाई कंटाळलेली आहे. आपण शब्दाचा शेवट बदलतो, ते ‘आहे’ बदलतात.

२ ऑगस्ट, शनिवार

आज सामना सांगायचा होता. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधल्या लुसैल येथे अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात झालेला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या घरी सर्वांनी मिळून पाहिला होता. भारतीय वेळेनुसार तो रात्री साडेआठला सुरू झाला. पूर्वार्धात मेस्सीने पेनल्टीवर आणि दी मारियाने मैदानी चालीवर गोल केला. अर्जेंटिना २-० अशी पुढे होती आणि उत्तरार्धही जवळजवळ तसाच सरत आला होता. तेवढ्यात लाईट गेली. नेटही मिळेना. लाईट आली तेव्हा पडद्यावर २-२ दिसत होते. एम्बाप्पेने ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला केलेले दोन्ही गोल आम्ही अंधारात घालवले.

सांगण्यासाठी यापेक्षा चांगला प्रसंग मिळणार नाही, असे वाटून आम्ही तो वाक्यावाक्याने घेतला. पहिला मसुदा एका मित्राने केला आणि त्यात ‘आर्खेन्तीना गानोऽ दोस आ सेरो’ असे लिहिले. ते मराठीत परत आणले तेव्हा चूक दिसली: ‘अर्जेंटिना २-० ने जिंकली’. जिंकली, म्हणजे सामना तिथेच संपला. मग पुढे पेनल्टीपर्यंत तो गेला कसा? आपल्याला म्हणायचे आहे ‘जिंकत होती’. स्पॅनिशमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन भूतकाळ आहेत. ‘गानोऽ’ म्हणजे जिंकली, गोष्ट पुरी झाली. ‘गानाबा’ म्हणजे जिंकत होती, गोष्ट चालू होती आणि तिचा शेवट अजून सांगितलेला नाही. पाहिलेली गोष्ट सांगताना मागचा पडदा दुसऱ्या प्रकाराने रंगवायचा आणि त्या पडद्यापुढे घडणाऱ्या घटना पहिल्या प्रकाराने सांगायच्या, हे सूत्र पुस्तकात असतेच. पण लाईट गेल्याशिवाय ते आम्हाला कळले नसते, असे मला खरोखर वाटते.

दुरुस्त झालेला मजकूर असा. ‘एस्ताबामोस ब्येन्दो ला फिनाल. आर्खेन्तीना गानाबा दोस आ सेरो. दे रेपेन्ते से फ्वे ला लूस. क्वान्दो बोल्ब्योऽ, ईबान दोस आ दोस.’ आम्ही अंतिम सामना बघत होतो. अर्जेंटिना २-० ने जिंकत होती. अचानक लाईट गेली. आली तेव्हा २-२ चालले होते.

यातले ‘से फ्वे ला लूस’ हे वाक्य भाचीने उच्चारले तेव्हा आईने शेंगा बाजूला ठेवून त्याचा अर्थ विचारला. ‘लूस’ म्हणजे उजेड आणि ‘से फ्वे’ म्हणजे निघून गेला; वीजपुरवठा खंडित झाला असे न म्हणता तिकडची माणसेही उजेड गेला असेच म्हणतात. ‘म्हंजी तिकडं बी लाईट जातीच की,’ आई म्हणाली, आणि हे वाक्य तिने त्याच बैठकीत पाठ केले. ती शिकायला बसलेली नाही, हे मी नोंदीत ठेवतो.

पहिल्या वाक्यातले ‘एस्ताबामोस ब्येन्दो’ आपल्या ‘बघत होतो’शी जुळतेच, पण आमच्या बोलीतल्या ‘बघायलो होतो’शी अधिक जवळचे आहे. ‘काय करायलास?’ ‘सामना बघायलो’ अशी जी चालू क्रिया मराठवाड्यात बोलली जाते, तिला स्पॅनिशचे ‘एस्तोय ब्येन्दो’ नेमके बसते.

‘फ्वे’ या रूपाने थोडा गोंधळ झाला. ‘से फ्वे ला लूस’मधला ‘फ्वे’ जाणे या क्रियापदाचा आहे आणि ‘फ्वे उन पार्तीदो इनोल्बिदाब्ले’, म्हणजे तो अविस्मरणीय सामना होता, यातला असणे या क्रियापदाचा. या काळात दोघांची रूपे तंतोतंत सारखी असतात आणि संदर्भावरूनच ओळखावी लागतात. पुढचा भाग त्या मानाने सरळ गेला. जादा वेळेत मेस्सीचा आणखी एक, एम्बाप्पेचा तिसरा, ‘एम्पातारोन त्रेस आ त्रेस’, ३-३ अशी बरोबरी झाली, आणि शेवटी ‘आर्खेन्तीना गानोऽ’. इथे ‘गानोऽ’ हक्काने आले.

३ ऑगस्ट, रविवार

भाचीची अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरातील एका शिक्षिकेशी दर रविवारी व्हिडिओवर भेट होते. त्या तिला स्पॅनिशसाठी मदत करतात आणि ही त्यांना भारतातल्या रोजच्या जगण्याविषयी सांगते. आपली रात्री साडेआठची वेळ म्हणजे त्यांची दुपारी बाराची. कालचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी काळांना हात लावला नाही, ही आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट झाली. ‘गानाबा’ऐवजी आपण ‘ईबा गानान्दो’ म्हणू, तेही तितकेच बरोबर आणि बोलण्यात जास्त येते, एवढे त्यांनी सांगितले. पेनल्टींना आम्ही स्पेनच्या पद्धतीने ‘पेनाल्तिस’ लिहिले होते. त्यांनी ‘पेनालेस’ असे सुधारून दिले, त्यामुळे शेवटचे वाक्य आता ‘गानोऽ एन लोस पेनालेस, क्वात्रो आ दोस’ असे आहे.

त्यांच्या तोंडून ‘योरार’ हा शब्द ‘शोरार’ असा आला. रडणे या अर्थाचा तोच शब्द अर्जेंटिनात श ने उच्चारतात, आणि ‘यो’ म्हणजे मी हाही ‘शो’ होतो. त्या रात्री मी रडले, असे त्या सांगत होत्या, आणि कोणता शब्द आहे हे आम्हाला कळायला वेळ लागला. ऐकण्याच्या पानावर हा उच्चार वेगळा लिहून ठेवला आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज बैठक मुकुंदराज समाधीच्या परिसरात घेतली. बालाघाटच्या डोंगरातली खोल हिरवी दरी समोर होती आणि पावसाने झरे वाहत होते. जिथे मराठीचा आद्यकवी विसावला आहे तिथे बसून परक्या भाषेची वाक्ये जुळवताना आपण आपल्या भाषेपासून दूर जात आहोत, असे मला क्षणभरही वाटले नाही.

काम थोडेच झाले, पण उपयोगाचे. मराठीत पाहणे आणि दिसणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. स्पॅनिश ‘बेर’ या एकाच क्रियापदाला ‘से’ जोडून दिसणे मिळवते. ‘देस्दे आकीऽ से बे एल बाये’, इथून दरी दिसते. तसेच ‘से ओये एल आग्वा’, पाणी ऐकू येते. लक्ष देऊन न्याहाळायचे असेल तर ‘मिरार’. पुष्कळ देशांत टीव्ही बघण्यालाही ‘मिरार’ म्हणतात, पण चित्रपट पाहिला हे सांगताना ‘बेर’ सगळीकडे चालते, म्हणून आम्ही त्यालाच धरून राहणार आहोत.

२३ ऑगस्ट, शनिवार

काकांनी आज पैठणला नाथसागराचे दरवाजे उघडताना पाहिल्याची हकिगत सांगितली. गोदावरीवरच्या या धरणाला २७ दरवाजे आहेत आणि ते उघडले की पंचक्रोशीतून माणसे बघायला येतात. मराठवाड्यात भरलेले धरण बघायला जाणे हा सणच असतो. काकांचे वाक्य होते ‘दरवाजे उघडले’. मराठीत या वाक्यात उघडणारा माणूस आहे की दरवाजे आपोआप उघडले, हे कळत नाही आणि आपल्याला ते कळायची गरजही वाटत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र निवड करावी लागते. ‘आब्र्येरोन लास कोम्प्वेर्तास’ म्हणजे कुणीतरी उघडले, कोणी ते सांगायचे नाही. ‘से आब्र्येरोन लास कोम्प्वेर्तास’ म्हणजे दरवाजे उघडले गेले किंवा उघडले. नोकरीत आयुष्यभर पंचनामे लिहिलेल्या काकांनी पहिले वाक्य घेतले, कारण धरणाचे दरवाजे आदेशाशिवाय उघडत नाहीत.

‘खूप माणसं होती’ हे त्यांनी ‘आबीआन’ असे अनेकवचनी केले. बरोबर वाक्य ‘आबीआ मूचा खेन्ते’ असे एकवचनी आहे: ‘खेन्ते’ म्हणजे लोक, पण शब्द एकवचनी आणि स्त्रीलिंगी, आणि ‘आबीआ’ही या अर्थी एकवचनातच राहते. उलट नकार आपल्यासारखाच दुहेरी निघाला. ‘नो आबीआ नाद्ये’, कोणीच नव्हते. ‘नो बी नादा’, मी काहीच पाहिले नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी असल्यामुळे अर्धीच बैठक झाली. दुसऱ्याला बघायला सांगण्याची वाक्ये घेतली: ‘बाले ला पेना’, बघण्यासारखा आहे, ‘नो ते ला प्येर्दास’, चुकवू नकोस, ‘नो मे क्वेन्तेस एल फिनाल’, मला शेवट सांगू नकोस. गोष्ट कशावर आहे हे सांगताना ‘त्राता दे’ वापरायचे: ‘त्राता दे उन काम्पेसीनो के बेन्दे सू त्येर्रा’, जमीन विकणाऱ्या एका शेतकऱ्याची गोष्ट आहे.

‘लो के मास मे गुस्तोऽ’ या वाक्याने मला विशेष आनंद दिला. ‘मला सर्वांत जास्त आवडले ते’ यातले आपले नपुंसकलिंगी ‘जे-ते’ स्पॅनिशच्या ‘लो’मध्ये जिवंत आहे. त्या भाषेतल्या नामांना दोनच लिंगे उरली आहेत, पण नाव न घेता एखादी गोष्ट दाखवायची असली की त्यांनाही तिसरे लिंग लागते.

एका मित्राने ‘ओखालाऽ’ या शब्दाचा अर्थ विचारला. ‘तसे होवो’ अशा अर्थाचा हा शब्द अरबांच्या काळात स्पेनमधल्या अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ देवाची इच्छा असेल तर असा आहे. इन्शाअल्लाह हा शब्द आमच्या गल्लीत रोज ऐकू येतो, त्यामुळे तोही कुणाला परका वाटला नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

भाची पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार आहे. जाण्यापूर्वी तिने आजीची एक आठवण दोन मिनिटांत सांगायचे ठरवले, कारण परीक्षेत अडलेला प्रश्न असाच होता.

आई लहान असताना यात्रेत तंबूतला सिनेमा येत असे. माणसे जमिनीवर बसत, बाया एका बाजूला आणि गडी दुसऱ्या बाजूला, आणि पोरे पोत्यावर झोपत. या नेहमीच्या गोष्टींसाठी मराठीत ‘येत असे’, ‘बसायचो’ अशी रीतीची रूपे आहेत. स्पॅनिश त्यासाठी ‘गानाबा’चाच काळ वापरते. एका रात्री मात्र पाऊस आला आणि पडदा फाटला. तिथे काळ बदलतो.

भाचीने म्हटले ते असे. ‘क्वान्दो मी आब्वेला एरा नीन्या, बेईआ पेलीकुलास एन उना कार्पा. से सेन्ताबा एन एल स्वेलो कोन सू मामाऽ. उना नोचे एम्पेसोऽ आ योबेर इ से रोम्प्योऽ ला पान्ताया. आ मी आब्वेला ले द्यो रीसा.’ माझी आजी लहान होती तेव्हा तंबूत सिनेमे बघायची. आईबरोबर जमिनीवर बसायची. एका रात्री पाऊस सुरू झाला आणि पडदा फाटला. आजीला हसू आले. ‘आ’ जागेवर होता, ‘ले’ जागेवर होता, आणि ‘एम्पेसोऽ’चा जोर शेवटी पडला.

आज रविवारऐवजी शनिवारीच जुळलेल्या भेटीत कोर्दोबाच्या बाईंनी हे ऐकून घेतले आणि विचारले, ‘दे के त्राताबा ला पेलीकुला?’ सिनेमा कशावर होता? भाचीने आजीकडे पाहिले. ‘ते कुठलं आठवायलंय,’ आई म्हणाली, ‘पाऊस आठवतो.’

भाचीने घाईत ‘आ मी आब्वेला’ने सुरुवात केली आणि ती थांबली, कारण आठवण्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘मला’ची रचना येत नाही, तिथे ‘नो से आक्वेर्दा दे ला पेलीकुला’ असे म्हणावे लागते आणि आजीच कर्ता होते. विसरण्यासाठी मात्र ‘से ले ओल्बिदोऽ’ असे म्हणता येते, ज्यात गोष्ट आजीच्या हातून निसटते आणि आजी पुन्हा ‘ले’मध्ये जाते. बाईंनी दोन्ही वाक्ये बरोबर ठरवली. ‘आक्वेर्दा’ वहीत मराठी फसवते त्या पानावर, ‘बी’च्या खाली लिहिले आहे आणि ‘ओल्बिदोऽ’ समोरच्या पानावर. ‘ला पान्ताया’मधला शेवटचा ‘या’ बाई ‘शा’ म्हणाल्या, तेही ऐकण्याच्या पानावर घातले.